जसे अन्न, तसे पोटातले सूक्ष्मजीव



'जसे अन्न, तसे मन' हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकलेच असेल. अन्नाचा परिणाम पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवरही होतो, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. रानातल्या प्राण्यांसाठी तर हा कधी कधी जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरतो.

आधी आपल्या ओळखीची गाय घेऊ. गवतातला सेल्युलोज हा कठीण पदार्थ पचवणारा पाचकरस गाईच्या शरीरात तयार होतच नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते गवत आंबवतात आणि त्यातून निघालेल्या पदार्थांवर गाय जगते. म्हणजे गवत खाते गाय, पण पचवतात तिचे हे भाडेकरू!

वाळवंटातला उंदीर

अमेरिकेच्या पश्चिम भागात वनउंदराची एक जात आहे. मोहावी वाळवंटातले वनउंदीर क्रिओसोट नावाच्या झुडपाची पाने खातात. ही पाने विषारी राळेने माखलेली असतात. त्याच जातीचे ग्रेट बेसिन भागातले उंदीर मात्र जुनिपर झाडाचा पाला खातात. क्रिओसोटशी त्यांचा संबंधच येत नाही.

युटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यांच्यावर केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी मोहावीच्या उंदरांना प्रतिजैविक औषध देऊन पोटातले सूक्ष्मजीव कमी केले. साधे अन्न खाऊन हे उंदीर ठीक राहिले, पण अन्नात क्रिओसोटची राळ मिसळताच त्यांचे वजन झपाट्याने घटू लागले. दुसऱ्या प्रयोगात मोहावीच्या उंदरांच्या लेंड्या ग्रेट बेसिनच्या उंदरांच्या खाण्यात मिसळल्या. तेव्हा ज्यांनी क्रिओसोट कधी चाखले नव्हते, त्यांनाही ते झेपू लागले. उंदीर तेच, बदलले ते फक्त पोटातले बिऱ्हाड.

जंगलाचे तुकडे झाले की

मेक्सिकोतल्या काळ्या हाउलर माकडांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सलग, सदाहरित जंगलातल्या माकडांना नाना तऱ्हेची पाने-फळे मिळतात. त्यांच्या पोटात सूक्ष्मजीवांचे प्रकारही पुष्कळ आढळले. तुकडे पडलेल्या जंगलात आणि पिंजऱ्यात राहणाऱ्या माकडांमध्ये हे प्रकार कमी होते. जंगल तुटले की त्याचा परिणाम असा थेट पोटापर्यंत पोहोचतो.

कोआला उपाशी का मेले?

ऑस्ट्रेलियातला कोआला जवळजवळ संपूर्णपणे निलगिरीच्या पानांवर जगतो. ही पाने चिवट आणि विषारी. ती पचवायला त्याच्या पोटात सुमारे दोन मीटर लांबीचे अंधांत्र असते आणि त्यात सूक्ष्मजीवांची वस्ती. पिल्लू साधारण सहा महिन्यांचे झाले की आईची एक खास मऊ विष्ठा खाते. आपल्याला किळस वाटेल, पण पाने पचवणारे सूक्ष्मजीव आईकडून बाळाला मिळण्याची ही वाट आहे.

व्हिक्टोरिया राज्यातल्या केप ऑटवे येथे २०१३ साली कोआलांची संख्या फार वाढली. त्यांनी आपल्या आवडीच्या मॅना गम या निलगिरीच्या झाडांचा पाला खाऊन संपवला आणि सुमारे ७० टक्के कोआला उपासमारीने मेले. जवळच मेसमेट नावाची दुसरी निलगिरी होती. काही कोआला केवळ तिच्यावरच जगतात, पण भुकेलेले बहुतेक कोआला तिच्याकडे वळले नाहीत.

शास्त्रज्ञांनी मग मेसमेट खाणाऱ्या कोआलांच्या विष्ठेतले सूक्ष्मजीव कॅप्सुलमध्ये भरून मॅना गम खाणाऱ्या कोआलांना दिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की ज्यांच्या पोटातली वस्ती जास्त बदलली, ते मेसमेटची पानेही जास्त खाऊ लागले.

यातून धडा असा, की प्राण्याला एका जंगलातून उचलून दुसऱ्यात सोडले की आपले काम संपले, असे होत नाही. समोर हिरवेगार ताट असूनही तो उपाशी राहू शकतो. प्राणी वाचवायचा तर त्याचे ओळखीचे अन्न आणि ते देणारे जंगलही वाचवले पाहिजे.

आपल्याकडची वानरेही पाने खाणारी आहेत आणि त्यांच्याही जठरात पाने आंबवणारे सूक्ष्मजीव असतात. म्हणून मांडू किंवा ओंकारेश्वरच्या सहलीत त्यांच्यापुढे बिस्किटे आणि कुरकुरे टाकू नका. पालकांनीही हे लक्षात ठेवावे. खाऊ घालणे हे नेहमीच पुण्य नसते!

स्वाध्याय

१. 'गवत खाते गाय, पण पचवतात तिचे भाडेकरू' हे वाक्य स्पष्ट करा.

२. दोन्ही भागांतले वनउंदीर एकाच जातीचे होते, हे प्रयोगासाठी का महत्त्वाचे होते?

३. कोआलांना नव्या जंगलात हलवायचे असेल, तर आधी कोणती तयारी करावी? पाच ओळी लिहा.