गोंगाटातली गुणगुण

प्रश्न : कृष्णविवरांच्या टकरीची लहर २०१५ साली पकडली, हे वाचलं होतं. आता गुरुत्वीय लहरींची ‘पार्श्वभूमी’ शोधतात म्हणे. यंत्रच सतत थरथरत असेल, तर त्यातली अवकाशातली थरथर ओळखायची कशी?
– एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : रुळांजवळच्या घरात मालगाडी जाताना मांडणीवरची भांडी किणकिणतात. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या यंत्रांचीही तीच अडचण. चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक मोजायचा, तर गाडी, वारा, दूरच्या किनाऱ्यावरच्या लाटा, सगळंच आड येतं. १४ सप्टेंबर २०१५ ची लहर ठसठशीत होती, म्हणून या गोंगाटातूनही उठून दिसली. पार्श्वभूमीचं तसं नाही. विश्वात दर काही मिनिटांनी कुठे ना कुठे कृष्णविवरांची जोडी एक होत असावी, असा अंदाज आहे. त्या असंख्य दूरच्या लहरी मिसळून जी गुणगुण होते, ती यंत्राच्या स्वतःच्या आवाजाहून कितीतरी क्षीण.

म्हणून दोन यंत्रांच्या नोंदींचा गुणाकार करतात आणि महिनोन्‌महिने बेरीज करत राहतात. इकडची थरथर वेगळी, तिकडची वेगळी. ती बेरजेत विरत जाते. दोन्हींकडे सामाईक असेल तेवढं उरतं. मात्र यंत्रं लांब हवीत. एक अंबरनाथला, दुसरं बदलापूरला ठेवलं, तर एकच कर्जत लोकल दोन्हींना हलवून जाईल! अमेरिकेतली हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ही केंद्रं सुमारे ३००० किलोमीटर अंतरावर आहेत. तरी विजांमुळे पृथ्वीभोवती घुमणारी चुंबकीय स्पंदनं दोन्हीकडे पोचतातच. त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

या शोधात पुण्याचा वाटा मोठा आहे. पृथ्वी फिरते तसा एकाच दिशेची लहर दोन यंत्रांवर पोचण्याच्या वेळेतला फरक बदलतो. त्यावरून गुणगुणीचा आकाश-नकाशा काढायची रीत तिथल्या आयुका संस्थेतल्या संजित मित्रा, संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सविस्तर मांडली. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

जमिनीवरच्या यंत्रांना ही गुणगुण अजून सापडलेली नाही. ती किती मोठी असूच शकत नाही, एवढं मात्र ठरलं आहे, आणि तेही मोलाचं आहे. २०२३ मध्ये जिचे पुरावे मिळाले ती पार्श्वभूमी निराळी : एकेका हेलकाव्याला वर्षंच्या वर्षं घेणारी, पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांवरून हेरलेली. त्या कामात नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण होती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहील, तेव्हा दूरची आणखी एक जोड मिळेल.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. तुम्हाला मुरबाड, माळशेजवरून रस्ता आहे. मुलांना घेऊन जरूर जा.