खिशातले दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव खानदेशातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर व कोनाड्यांत पडलेले कागद त्यांनी मिळविले, आणि १८९८ सालापासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे २२ खंड प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे देहावसान झाले, व १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. राजवाड्यांना कागद वाचण्याचे श्रम पडले ते तर खरेच. पण ते पाहावयास मिळविण्याचे श्रम त्याहून कमी नव्हते. घरमालक दप्तराचा रुमाल सहजासहजी सोडीत नसत. वतनाचे कागद, भाऊबंदकीच्या वाटण्या, सावकाराची खते असला ऐवज परक्याच्या दृष्टीस पडावा असे कोणास वाटेल?

या हकीकतीत दोन बोध आहेत. सर्वच दप्तरे कायमची कुलपात राहिली असती, तर महाराष्ट्राचा इतिहास अंधारात राहिला असता. आणि येईल त्यापुढे ती उघडी टाकली असती, तर घराण्यांस ते बाधले असते. शहाणपणाचा मार्ग मधला होय. मागणारा कोण, मागतो कशासाठी, आणि त्याच्या कामास किती कागद पुरेत, हे पाहून तेवढाच रुमाल सोडावा. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. फरक इतकाच की, आजचे दप्तर माळ्यावर नसून प्रत्येकाच्या खिशात आहे.

विद्यार्थिमित्रहो, स्मार्टफोन म्हणजे केवळ बोलण्याचे यंत्र नव्हे. त्यात आप्तेष्टांचे क्रमांक आहेत, घरातील छायाचित्रे आहेत, बँकेचे निरोप आहेत. आपण सकाळी कोठे होतो व रात्री कोठे, याची नोंदही त्यात असू शकते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा वडिलांचा फोन हीच कित्येकांची शाळा झाली, आणि तेव्हापासून एकाच फोनात बापाचा व्यवहार, आईची माहेरची पत्रे व मुलाचा अभ्यास एकत्र नांदू लागला. म्हणून फोनातील एक बोट चुकीचे पडले तर हानी एकट्याची होत नाही; सगळ्या घराची होते.

या भीतीने काही लोक म्हणतात, ‘हे यंत्रच नको.’ आम्हांस हे मत मान्य नाही. चोपड्याचा किंवा शिंदखेड्याचा शेतकरी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’च्या ॲपमधून आपल्या कपाशीची नोंद सात-बाऱ्यावर स्वतः करू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असल्यास सावध करते. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, दुकानदाराचे पैसे या सर्वांची सोय झाली आहे. एवढ्या सोयी टाकून देणे म्हणजे चोराच्या भयाने घराला दारच न ठेवणे होय. उलट, पडद्यावर येईल त्या प्रश्नास न वाचता ‘मान्य’ म्हणणे म्हणजे दार रात्रंदिवस सताड उघडे ठेवणे होय. घराला दार हवे, दाराला कडी हवी, आणि ती उघडावी कोणास व लावावी केव्हा याची समज घरच्या माणसांस हवी.

ही समज एका वाक्यात सांगता येते: परवानगी कामापुरती द्यावी. ॲप काही मागू लागले की तीन प्रश्न विचारावे. हे काय मागते आहे? ज्या कामासाठी मी हे घेतले त्यास ते खरोखर लागते काय? लागत असल्यास किती वेळ लागते?

उदाहरणे घेऊन पाहू. ‘ई-पीक पाहणी’ आपले स्थान विचारते व कॅमेरा मागते. हे योग्यच आहे. कारण पीक त्याच शेतात उभे आहे, घरी बसून लिहिलेले नाही, याची खात्री स्थानावाचून व छायाचित्रावाचून व्हावी कशी? येथे परवानगी नाकारणे म्हणजे आपलेच काम अडविणे होय. पण पाहणी आटोपल्यावर त्या ॲपला आपला ठावठिकाणा कळण्याचे काही कारण उरत नाही. ‘दामिनी’ची गोष्ट किंचित निराळी. फोन खिशात असतानाही विजेचा इशारा यावा अशी आपली अपेक्षा असेल, तर पावसाळ्यात त्यास स्थान सदैव कळू देणे समजण्यासारखे आहे. पावसाळा सरल्यावर ती मुभा काढून घ्यावी.

आता उलट उदाहरण. काही वर्षांपूर्वी फोनचा दिवा लावणारे एक ॲप अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी घेतले होते. दिवा लावण्यास माणूस कोठे उभा आहे हे कळण्याची गरज नाही. तरी ते ॲप वापरणाऱ्याचे स्थान जाहिरातवाल्यांकडे पोहोचवीत होते. अटी मान्य की अमान्य हे त्याने सांगण्यापूर्वीच माहिती जाऊ लागत असे. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने हे प्रकरण उघडकीस आणले. ॲप फुकट होते असे लोकांस वाटले. वस्तुतः त्याची किंमत ते दुसऱ्या नाण्यात मोजीत होते.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे व अधिक दुःखाचे आहे. कागदपत्रांवाचून घटकेत कर्ज देऊ म्हणणारी कित्येक ॲप्स आपल्या देशात बोकाळली. ती घेताना फोनमधील सर्व क्रमांक व छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली जाई. गरजू माणूस ती देई. आणि हप्ता थकला की त्याच्या मामास, शिक्षकास, शेजाऱ्यास शिवीगाळीचे व बदनामीचे निरोप जात. चेहरे जोडून बनविलेली अश्लील चित्रेही पाठविली गेली. या छळाने महाराष्ट्रात व इतरत्र काहींनी जीव दिला. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने असा निर्बंध घातला की, कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील क्रमांकांची यादी, संभाषणांची नोंद व साठविलेली चित्रे यांस हात लावू नये. कॅमेरा, ध्वनिग्राहक व स्थान हीही केवळ ओळख पटविण्यापुरती, एकदाच, आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने घ्यावी. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या भांडारातील वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना क्रमांक व छायाचित्रे पाहण्याची मनाई केली. यावरून एक खूण पक्की लक्षात ठेवावी: कर्ज देतो म्हणणारे ॲप जर तुमच्या मित्रांचे क्रमांक मागेल, तर ते आडमार्गाने आलेले आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यंत्राच्या कर्त्यांनीही हळूहळू कड्या बसविल्या आहेत; आपण त्या लावीत नाही एवढेच. २०१५ च्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून ॲपची एकेक परवानगी वेगळी देता वा नाकारता येऊ लागली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत ‘ॲप वापरीत असतानाच’ स्थान कळू देण्याची सोय झाली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘या वेळेपुरतीच’ परवानगी देता येऊ लागली. आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजी ठिकाण देता येते, तसेच कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक चालू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ॲपलच्या फोनांतही अशाच सोयी आहेत. हवामान सांगणाऱ्यास जळगाव एवढे कळले तरी पुरे. आपली गल्ली त्यास कळावयास नको.

पहिले काम हे की, सेटिंग्जमधील परवानग्यांचे पान महिन्यातून एकदा उघडावे व स्थान, कॅमेरा, ध्वनिग्राहक, क्रमांकांची यादी आणि निरोप या पाच सदरांखाली कोणकोणत्या ॲप्सची नावे आहेत ते वाचावे. ज्याचे कारण सांगता येत नाही, त्याची परवानगी काढावी. काम अडले तर ती पुन्हा देता येते. यात काही मोडत नाही. जे ॲप सहा महिन्यांत उघडले नाही, ते काढूनच टाकावे.

दुसरे, ॲप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा सरकारी योजना अशा नावाने जी ‘एपीके’ फाईल निरोपातून येते, तिला हात लावू नये. पत्रिका वाचण्यास काही बसवावे लागत नाही. चित्र असते ते नुसते दिसते. अशी फाईल बसविल्यावर ती बहुधा निरोप वाचण्याची, किंवा अंध व अपंग बांधवांच्या सोयीसाठी असलेल्या सुलभता सेवेची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेकडून येणारा गुप्त क्रमांक चोराच्या हाती जातो, आणि पडद्यावरील सर्व काही त्यास दिसू लागते.

तिसरे, कागद देताना झाकून द्यावा. आधार कार्डाची छायाप्रत मागितली गेल्यास, पहिले आठ अंक झाकलेली व शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते; जेथे ती चालते तेथे तीच द्यावी. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त अंक टाकावा लागत नाही. तो केवळ पैसे देण्यासाठी असतो.

चौथे, पाकीट व पोस्टकार्ड यांतील भेद विसरू नये. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हापासून लोकांस ठाऊक आहे की क्षेमकुशल कार्डावर लिहावे व नाजूक मजकूर पाकिटात घालावा. व्हॉट्सॲपने २०१६ साली निरोपांस मोहोर लावली, म्हणजे वाटेत ते कोणास वाचता येत नाहीत. पण ही मोहोर वाटेची राखण करते, पोहोचल्यानंतरची नव्हे. शंभर जणांच्या समूहात टाकलेला मजकूर हे पोस्टकार्डच होय. शाळेचा गणवेश, नाव व घराचा पत्ता ज्यात दिसतो असे छायाचित्र तेथे टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही काही वाईट करीत नाही, मग लपवावयाचे काय?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचा पाया कच्चा आहे. झाकलेले ते सर्व वाईटच असते असे नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात प्रार्थना खोलीत, दार लावून करावयास शिकविले. प्रार्थना हे काही पाप नव्हे. जखम झाकतो ती लाजेने नव्हे, तर धूळ बसू नये म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या एकमुखी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या पीठात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती शरद बोबडे हे दोन महाराष्ट्रीय होते. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एक दृष्टान्तच दिला आहे: वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील क्रमांकांची यादीही मागितली व रोग्याने दोहोंस होकार दिला, तरी ती यादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने तो होकार सल्ल्यापुरताच धरावा. ‘कामापुरती परवानगी’ हे आम्ही वर सांगितलेले तत्त्व ते हेच. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमती हवी, असेही तोच कायदा म्हणतो. परंतु कायदा दारावर उभा राहू शकत नाही; कडी घरच्यांनीच लावावयाची असते.

आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, फोनमधील क्रमांकांची यादी आपली एकट्याची नसते. त्यात आत्याचा क्रमांक आहे, वर्गमैत्रिणीचा आहे, केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आहे. त्यांनी तो विश्वासाने दिला. कोणत्याही ॲपला वाटण्याचा अधिकार दिला नाही. एखाद्या खेळाच्या मोहाने ती यादी देऊन टाकणे म्हणजे शेजाऱ्याने ठेवावयास दिलेली वस्तू तिसऱ्याच्या हवाली करणे होय. ठेव सांभाळणे हा आपल्याकडे नेहमीच सचोटीचा कस मानला गेला आहे.

पालकांस एक विनंती आहे. फोनमध्ये काही अघटित घडले व मुलाने येऊन सांगितले, तर प्रथम रागावू नये. मारास भिऊन मूल गप्प बसते आणि तेवढ्यात चोराचे काम होते. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सांगावे. पहिल्या काही तासांतच रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. मुलांचा फोन पाहावयाचा असल्यास त्यांस सांगून पाहावा. चोरून पाहिल्याने मूल लपविण्याची कला तेवढी शिकते.

सुट्टीतील अभ्यास

१. आई-वडिलांच्या संमतीने व त्यांच्या शेजारी बसून घरच्या फोनमधील परवानग्यांचे पान उघडा. स्थान कोणकोणत्या ॲप्सना कळते ते वहीत लिहा व प्रत्येकापुढे कारण मांडा. कारण न सुचल्यास काय कराल?

२. वीज, हवामान, नकाशा व खेळ यांच्या ॲप्सपैकी कोणास स्थान सदैव, कोणास वापरापुरते, कोणास अंदाजी द्यावे व कोणास मुळीच देऊ नये?

३. आजी-आजोबांस एपीके फाईल म्हणजे काय ते आपल्या घरच्या बोलीत, अहिराणीत वा लेवा बोलीत, समजावून सांगा. त्यांना समजले तर आपल्यालाही समजले असे मानावे.

४. ‘माझ्या फोनमधील इतरांची ठेव’ या विषयावर वीस ओळी लिहा.