साठच्या वरचे आठ

वेगमर्यादेचे किरकोळ उल्लंघन म्हणजे मर्यादेपेक्षा ताशी पाच-दहा किलोमीटर जास्त वेग. १००च्या रस्त्यावर १०८, ६०च्या घाटात ६८. एवढे तर चालतेच, हा चालकांमधला जुना समज आहे, आणि रस्त्यावर हवालदार उभा राहून गाड्या थांबवत होता तोवर त्याला आधारही होता. शंभर गाड्यांतून हवालदार एक-दोनच अडवणार, आणि त्या सर्वांत वेगवान असणार. कॅमेऱ्याला अशी निवड करावी लागत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४मध्ये स्वयंचलित वाहतूक देखरेख यंत्रणा सुरू झाली आणि किरकोळ उल्लंघनांचीही नोंद होऊ लागली.

या मार्गावर मोटारीला सपाटीवर ताशी १०० आणि बोरघाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गांसाठी मोटारीची कमाल मर्यादा १२० आहे, म्हणून ‘इथे १२० चालते’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२नुसार राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा लावू शकते, आणि लागू होते ती रस्त्यावरच्या फलकावरची. कलम १८३खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात मोटारीला २,००० आकारले जातात. दुसऱ्यांदा तोच गुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रस्तुत लेखकालाही ते ठाऊक नव्हते. सासरे वाशीच्या एका रुग्णालयात दाखल होते, त्यामुळे आठ दिवसांत पुण्याहून तीन फेऱ्या झाल्या. बाराव्या दिवशी सकाळी मोबाइलवर एकापाठोपाठ तीन मेसेज आले. तिन्ही चलाने घाट उतरतानाची होती: ६८, ६६ आणि ७१. एकूण दंड ६,००० रुपये. पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची असते तीच होती, की सहा-आठ किलोमीटरसाठी एवढा दंड कशाला? मग चलानावरचे फोटो उघडले. तिसऱ्या फोटोत नंबरप्लेट स्वच्छ होती आणि काचेतून शेजारच्या सीटवर खिडकीला डोके टेकवून झोपलेली मुलगी दिसत होती. काट्यावर ७१ होते तेव्हा ती गाढ झोपेत होती, आणि गाडी चालवणाऱ्याला तो आकडा माहीतही नव्हता.

माहीत नसण्याचे कारण रस्त्याच्या चढउतारात आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे जाताना रस्ता सलग उतरतो. गाडी पाचव्या गिअरमध्ये असली, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग वाढतच जातो. ‘आपण तर पाय ठेवलाच नव्हता’ हे चालकाचे म्हणणे खरे असते, पण त्याने वेग कमी होत नाही. त्यात नुकतेच १००ने आल्यामुळे ७० संथ वाटतात. २०१९च्या जुलैपासून नव्या मोटारींत वेगाचा इशारा देणारी बीप सक्तीची आहे. ती ८०च्या पुढे अधूनमधून आणि १२०च्या पुढे सतत वाजते. घाटातल्या ६०साठी ती काहीच सांगत नाही. बीप नाही म्हणजे सगळे ठीक, अशी मनाची समजूत होऊन बसते.

हे आठ-दहा किलोमीटर किती मोठे, ते गणिताने पाहावे. रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत आणि समोरचा ट्रक अचानक थांबलेला दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो, असे धरू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी त्या एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडे जास्त अंतर कापते आणि जोरात ब्रेक लावल्यावर आणखी सुमारे २० मीटरवर थांबते. एकूण साधारण ३६ ते ३७ मीटर. ७०ने जाणाऱ्या गाडीला तेवढ्याच ताकदीच्या ब्रेकने साधारण ४६ ते ४७ मीटर लागतात. पण खरा धक्का या दहा मीटरच्या फरकात नाही. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी ४०हून जास्त वेगात असते. एका गाडीतले लोक ट्रकच्या मागे श्वास रोखून बसलेले असतात आणि दुसरी गाडी ४०च्या वेगाने ट्रकखाली शिरते. उतारावर आणि पावसात ही दोन्ही अंतरे आणखी वाढतात. वेग ६०वरून ७०वर गेला की टक्कर होताना पचवावी लागणारी ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटना सरासरी वेगातल्या एक टक्का वाढीमागे प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो असे सांगते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. एकट्या द्रुतगती मार्गाने २०१६ साली १५१ बळी घेतले होते. हे सगळे १५०ने गाडी पिटाळणाऱ्यांचे आकडे आहेत असे मानणे सोयीचे आहे, पण घाटात ७०ने उतरणाराही अतिवेगातच मोजला जातो, आणि मोजला गेला पाहिजे.

थोडी सूट द्यावी का, हा प्रश्न जगभर वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. जर्मनीत १००पर्यंतच्या वेगातून ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के वजा करतात. ही वजावट यंत्राच्या संभाव्य चुकीसाठी असते. फ्रान्सने जानेवारी २०२४पासून ५ किलोमीटरपेक्षा कमी उल्लंघनाला परवान्यावरचा गुण कापणे बंद केले, दंड मात्र कायम ठेवला. या दोन्हींमागे एक शहाणपण आहे. यंत्राबद्दलच्या शंकेचा फायदा चालकाला द्यावा, पण चालकाच्या सवयीला सूट देऊ नये. आपल्याकडेही मागणी करायची तर ती एवढीच करावी.

त्याहून महत्त्वाची मागणी वेळेची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-अ सांगतो की चलानाची सूचना गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवली जावी, कॅमेऱ्याआधी इशारा देणारा फलक असावा, आणि यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे व्हावे. वर सांगितलेल्या प्रसंगात १५ दिवसांची मुदत पाळली गेली होती. तरीही पहिल्या चुकीची खबर मिळेपर्यंत तीच चूक आणखी दोनदा झाली. पहिला मेसेज त्याच संध्याकाळी आला असता, तर उरलेल्या दोन फेऱ्या ६०च्या आत झाल्या असत्या. शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती खात्रीची आणि लगेच मिळणारी असावी.

चालकाच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. घाट सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली आणावा. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, त्यामुळे वेग ६०च्या आत राखणे सोपे जाते आणि ब्रेकही कमी तापतात. न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे तर जिवावर बेतणारे आहे. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकतो. नकाशा दाखवणाऱ्या ॲपमधला वेग एकदा काट्याशी ताडून पाहावा.

कॅमेऱ्यांची कमान दिसली की कचकन ब्रेक दाबण्याची सवय मोडलीच पाहिजे. मागच्या गाडीची धडक बसू शकते, शिवाय उपयोगही नसतो, कारण या मार्गावर दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजला जातो. दहा किलोमीटर साडेआठ मिनिटांत पार केले तर सरासरी ७० भरते, मग कमानीखालून कितीही सावकाश जा.

चलान गाडीच्या मालकाच्या नावे निघते, म्हणून आरसीला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी. गाडी ड्रायव्हरला, भाच्याला किंवा मित्राला दिली तरी मेसेज मालकालाच येतो. चलान आल्यावर फोटो, वेळ, ठिकाण आणि नंबरप्लेट तपासावी. चूक दिसल्यास तक्रार नोंदवावी, नसल्यास थकवू नये. आणि व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एखादी फाइल आली तर ती कधीही उघडू नये. त्यातून मोबाइलचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. चलान पाहायचे आणि भरायचे ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन.

त्या तीन चलानांनंतर प्रस्तुत लेखकाच्या आणखी चार फेऱ्या झाल्या. घाटाचा साधारण दहा किलोमीटरचा उतार ७०ऐवजी ६०ने उतरायला दर वेळी दीड मिनिट जास्त लागले.