परक्या घरचा उपसर्ग

पत्रावर केवळ 'आष्टी' एवढेंच लिहिलें तर टपालवाल्याची मोठी पंचाईत होते. आपली आष्टी जालना जिल्ह्यांत, परतूर तालुक्यांत. पण आष्टी बीड जिल्ह्यांतही आहे व वर्धा जिल्ह्यांतही आहे. म्हणून आपण गांवाच्या नांवास तालुक्याची जोड देतों. वेबपानें रचणाऱ्यांच्या व्यवहारांत अशीच एक जोड आहे, आणि तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

वेबपानाचा मजकूर एका भाषेंत लिहितात, व त्याची वेशभूषा, म्हणजे रंग, समास, अक्षरांचा आकार, सीएसएस नांवाच्या दुसऱ्या भाषेंत सांगतात. ही भाषा 1996 मध्यें प्रमाण ठरली. तींत नवा शब्द घालावयाचा तर ब्राउझर करणाऱ्या सर्वांचें एकमत व्हावें लागतें, व त्यास वर्षें जातात. तोंवर प्रयोग तर केला पाहिजे; म्हणून प्रत्येकानें आपल्या कच्च्या शब्दामागें स्वतःचा उपसर्ग लावावा, अशी चाल पडली. प्रहार, आहार, विहार यांतील उपसर्ग अर्थ पालटतात. हा उपसर्ग एवढेंच सांगतो कीं, शब्द अजून कच्चा असून अमक्या घरचा आहे. फायरफॉक्सचा 'मॉझ', ऑपेराचा 'ओ', मायक्रोसॉफ्टचा 'एमएस', आणि सफारीचा 'वेबकिट'. चौकटीचे कोपरे गोल करणारा 'बॉर्डर-रेडियस' हा शब्द आरंभीं असाच दोन घरीं दोन उपसर्गांनीं वावरत होता. गंमत अशी कीं, एकाच कोपऱ्याचें नांवही दोघे निरनिराळ्या क्रमानें लिहीत.

योजना चांगली होती; ती बिघडली माणसांच्या घाईनें. 2007 मध्यें आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आला, आणि दोहोंचे ब्राउझर वेबकिटवर चालणारे. पानें रचणारांनीं फोनसाठीं केवळ वेबकिटचे शब्द लिहिले व इतरांचे गाळले. पुढें शब्द पक्का झाला तरी उपसर्ग तसाच ठेवला. जो शब्द कळत नाहीं तो ब्राउझरनें निमूटपणें सोडून द्यावा, असा सीएसएसचा नियम आहे. समजा, बटनावर पांढरीं अक्षरें असून त्यांखालची निळी छटा फक्त वेबकिटच्या शब्दांत सांगितली आहे. दुसऱ्या ब्राउझरांत छटा येणार नाहीं. पांढऱ्यावर पांढरें राहील, आणि अर्ज भरणारास 'पाठवा' हें बटन दिसणारच नाहीं. दोष पान रचणाराचा. बोल मात्र ब्राउझरास, व नुकसान वाचणाराचें.

मराठी वाचकांस हें दुखणें अपरिचित नाहीं. 2000 च्या सुमारास अनेक मराठी संस्थळांचा टंक आपापला असे. तो संगणकावर नसला कीं बातमीच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड रुळल्यावर तें संकट बव्हंशीं टळलें.

उपसर्गाचें संकट मात्र दुसऱ्या वाटेनें सोडवावें लागलें. 2012 च्या फेब्रुवारींत मोझिला, मायक्रोसॉफ्ट व ऑपेरा यांनीं सीएसएस मंडळापुढें सांगितलें कीं, आम्हांसही आतां 'वेबकिट' हा परक्याचा उपसर्ग ओळखावा लागेल. ऑपेरानें त्याच वर्षीं आरंभ केला.

काम दिसतें तितकें सोपें नव्हे. कांहीं शब्द नुसतें टोपणनांव म्हणून नोंदविले कीं भागतें: 'वेबकिट-बॉर्डर-रेडियस' दिसला कीं 'बॉर्डर-रेडियस' समजावा. पण रंगछटेच्या जुन्या शब्दाची वाक्यरचनाच निराळी. ती नव्या रचनेंत उलगडून घ्यावी लागते. शिवाय असा एक शब्द ओळखला कीं कित्येक पानें समजतात, हा ब्राउझर वेबकिटच आहे, आणि मग त्यास जें येत नाहीं तेंही मागूं लागतात. म्हणून फायरफॉक्सनें 2015 मध्यें प्रथम मोजक्या संस्थळांपुरताच प्रयोग करून पाहिला. सर्वांसाठीं ही सोय 2016 च्या सप्टेंबरांत, 49 व्या आवृत्तींत आली.

ही चुकीस दिलेली मान्यता होय, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटें नाहीं. परंतु पत्ता चुकला म्हणून पत्र परत धाडणाऱ्या टपालवाल्यापेक्षां, अक्षर ओळखून तें घरीं पोंचविणारा मला अधिक शहाणा वाटतो.

नव्या शब्दांस उपसर्ग लावण्याची चाल क्रोमनें 2013 मध्यें सोडली. कच्चा शब्द तेव्हांपासून प्रयोग करणाऱ्यांसच, खास कळ फिरवून, वापरतां येतो. जुने शब्द मात्र राहिले. मोबाईलवर बातमीचा मथळा दोन ओळींत कापून शेवटीं तीन टिंबें देणारा 'लाइन-क्लॅम्प' हा शब्द फायरफॉक्सनें 2019 मध्यें स्वीकारला, आणि तोही 'वेबकिट' उपसर्गासह.