‘टू प्लस’चे बारा दिवस

माझ्या डाव्या स्तनातली गाठ चार सेंटिमीटरची होती. सुईने तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर असल्याचं कळलं. मग त्याच तुकड्यावर पुढच्या तपासण्या झाल्या. हर-टू नावाच्या प्रथिनाच्या पुढे लिहून आलं : टू प्लस. डॉक्टरांनी समजावलं, "शून्य किंवा वन प्लस म्हणजे निगेटिव्ह, थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. टू प्लसवरून नक्की सांगता येत नाही. फिश नावाची तपासणी करावी लागेल. बारा दिवस लागतील. तोवर ऑपरेशनची घाई नको."

बारा दिवस! वन्सं रोज फोनवर विचारायच्या, "अजून काहीच सुरू केलं नाही?" भावोजी म्हणायचे, "आग लागल्यावर रिपोर्टची वाट कोण बघतं?" रात्री चाचपून बघितलं की मलाही गाठ कालच्यापेक्षा मोठी लागायची. सहाव्या दिवशी मीच यांना म्हटलं, "आता सहन होत नाही. काढून टाका एकदाची." नवव्या दिवशी ओळखीच्या एका नर्सिंग होममध्ये माझा स्तन काढला. टाके निघायच्या आधीच फिशचा रिपोर्ट आला : पॉझिटिव्ह.

पुढच्या उपचारांसाठी कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फाईल मात्र बराच वेळ बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या हर-टू पॉझिटिव्ह गाठीला बहुतेक वेळा आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध देतात, ऑपरेशन नंतर करतात. गाठ आकसली तर काही जणींचा स्तन वाचतो. शिवाय औषधाने किती कॅन्सर मेला हे ऑपरेशनच्या वेळी कळतं आणि त्यावरून पुढचं औषध ठरतं. माझी गाठ तर आधीच बरणीत गेली होती. औषध तिच्यावर चालतं का, हे बघायला काही उरलंच नव्हतं.

उपचार मिळाले. केमो झाली, वर्षभर इंजेक्शनं झाली. आज मी बरी आहे. पण तो निर्णय मी आजाराकडे बघून घेतला नव्हता, भीतीपोटी घेतला होता.

म्हणून सांगते, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : कुठला रिपोर्ट यायचा आहे, तो कधी येईल, आणि त्यावरून उपचारात काय बदलेल? तिसऱ्याचं उत्तर मी ऐकलं असतं, तर थांबले असते.

रिपोर्टची वाट बघायच्या दिवसांत कामं भरपूर असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, आणि नुसते कागद नेऊ नका; लॅबमधून तपासलेल्या तुकड्याच्या स्लाईड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. हर-टूचं औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून टू-डी इको आधी होते. दुखरा दात डॉक्टरांना विचारून आत्ताच दाखवा. मूल हवं असेल तर केमोपूर्वीच बोला, नंतर उशीर होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी उपचारांआधी लागते. आणि नातेवाइकांचे फोन घ्यायला घरातलं एकच माणूस नेमा. ते माणूस तुम्ही नसावं.

एक मात्र ध्यानात ठेवा. मी दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं बोलतेय, महिन्यांचं नाही. काढे, अंगारे यांत दिवस घालवणं म्हणजे थांबणं नव्हे. रिपोर्ट ठरल्या तारखेला आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या दारात उभ्या राहा. दम लागला, रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण "आधी हा रिपोर्ट येऊ द्या" असं डॉक्टर सांगत असतील, तर बायांनो, तेवढे दिवस कळ काढा.