म्हातारीचा भोपळा आणि बालवर्ग

प्रश्न : ‘म्हातारी आणि भोपळा’ ही गोष्ट बालवाडीत वठवायची आहे, पण मुलांना संवाद पाठ होत नाहीत आणि वाघ आला की काहीजण रडतात. काय करावे? — एक शिक्षिका

उत्तर : पाठांतराचा आग्रह प्रथम सोडावा. मादाम माँटेसरी यांना इतक्या कोवळ्या वयात परीकथा मान्य नव्हत्या. परंतु त्यांच्याच पद्धतीपासून प्रेरणा घेऊन १९२० साली भावनगरला बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी, कथेला व नाट्याला बालशिक्षणात मानाचे स्थान दिले, आणि माझ्या मते त्यांचाच निर्णय बालस्वभावाला धरून होता. गोष्ट अनेकदा सांगून झाल्यावर संवाद ज्याचे त्याला सुचू द्यावेत. कारण एरवी वर्गात तोंड न उघडणारे मूल जेव्हा म्हातारी होऊन, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येईपर्यंतची मुदत वाघापाशी मागते, तेव्हा कारण, कालक्रम आणि शर्त या तिन्ही गोष्टी ते एका दमात मांडीत असते, आणि याहून सरस भाषापाठ मला ठाऊक नाही.

वाघाचा मुखवटा मात्र वर्ज्य करावा, कारण मुखवट्याआड आपला सवंगडीच आहे याची तीन-चार वर्षांच्या बालकास पुरती खात्री नसते. भित्र्या मुलास, त्याची राजीखुशी असेल तरच, स्वतः गुरगुरण्याची मुभा द्यावी. नसेल तर त्याने खुशाल नुसते पाहावे. पालकांपुढे प्रयोग करण्याचा बेत असल्यास तो तूर्त तहकूब ठेवावा.