कूस उजवत नाही तेव्हा

लग्नाला सहा वर्षे झाली, पण पाळणा हलला नाही. अशी एखादी सून आपल्या ओळखीत असतेच. नवस झाले, उपास झाले, अंगारे-धुपारे झाले. मग सासू म्हणते, "वांझच दिसतेय. पोराचं दुसरं लगीन लावू." सून बिचारी खाली मान घालून भाकऱ्या थापते. तिला कुणी विचारत नाही, "बाई गं, तुझी पाळी नीट येते का? ओटीपोटात दुखतं का?" आणि नवऱ्याला तर कुणी काहीच विचारत नाही! दोष पुरुषातही असू शकतो. त्याच्या वीर्याची तपासणी सोपी आहे. ती आधी करावी.

बाईकडची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक आज आपण पाहू. ते म्हणजे क्षय.

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू छातीतच राहतात असे नाही. रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांनी हे जंतू १८८२ साली शोधून काढले. ते श्वासाबरोबर छातीत शिरतात आणि तिथून रक्तावाटे कुठेही जातात. बाईच्या गर्भपिशवीला दोन बाजूंना दोन नळ्या असतात. बाईचे बीज या नळीतूनच पिशवीकडे येते. जंतू बहुधा आधी या नळ्यांत घर करतात. नळ्या सुजतात, चिकटतात, बुजतात. पाट गाळाने बुजला, तर शेताला पाणी कुठून मिळणार? पुढे रोग पिशवीच्या अस्तरात उतरतो. मग पाळी कमी येते, कधी बंदच होते. कुणाला ओटीपोटात दुखते, बारीक ताप येतो. कित्येकींना तर काहीच त्रास होत नाही. फक्त मूल होत नाही. म्हणून हा रोग वर्षानुवर्षे लपून राहतो.

मग तो ओळखायचा कसा? इथे धीर लागतो. एका तपासणीत पक्के कळेलच असे नाही. डॉक्टर आधी विचारतात, "तुम्हाला किंवा घरात कुणाला क्षय झाला होता का?" हे लपवू नये. मग छातीचा फोटो काढतात, पोटाची सोनोग्राफी करतात. मुख्य तपासणी अस्तराची. पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत अस्तराचा लहानसा तुकडा काढतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतू शोधणारे यंत्रही आहे, ते काही तासांत उत्तर देते. शिवाय तुकड्यातले जंतू वाढवून पाहतात. ते फार सावकाश वाढतात, त्याला कित्येक आठवडे जातात.

"जंतू सापडले नाहीत" असा कागद आला, तरी रोग नाहीच असे म्हणता येत नाही. जंतू थोडेच असतात. ते नळीत असले, तर पिशवीच्या तुकड्यात कसे सापडणार? संशय राहिला तर डॉक्टर भूल देतात, बेंबीजवळ लहान छेद घेतात आणि दुर्बिणीतून नळ्या डोळ्यांनी पाहतात. नुसत्या रक्तावरून हा क्षय ठरत नाही. क्षयाच्या काही रक्त-तपासण्या चुकीचे उत्तर देत, म्हणून सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. तसेच, मूल होत नाही एवढ्यावरून अंदाजाने क्षयाची औषधे घेणेही बरे नाही.

रोग ठरला, तर औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती बहुधा सहा महिने, रोज घ्यायची. लघवी तांबूस होते, घाबरू नये. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. छातीत क्षय नसेल, तर तिच्यापासून घरच्यांना तो लागत नाही. तिचे ताट वेगळे करू नका.

मूल होईल का? खरे तेच सांगतो. नळ्या शाबूत असताना औषध मिळाले, तर आशा आहे. पुरत्या बंद झालेल्या नळ्या औषधाने उघडत नाहीत. म्हणून दोन-चार वर्षे अंगाऱ्यात घालवू नयेत.

दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "मागची पाळी कधी आली?" बायका बोटे मोजत बसतात. तुकडा कोणत्या दिवशी काढायचा, हे त्या तारखेवरूनच ठरते. आता आपल्याला लिहिता येते. घरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला त्या तारखेला पेन्सिलीने खूण करावी आणि जाताना ते पान सोबत न्यावे.